बिस्कीट म्हणजे मैदा नव्हे: ओरिओ-बोर्बनच्या गोडात या चुका टाळा

२०२० च्या टाळेबंदीत ओरिओचा पुडा, दूध आणि इनो यांचा केक घरोघरी झाला आणि तो काही परत गेला नाही. आता जोडीला चक्क्याचा चीजकेक आहे, कपातलं पुडिंग आहे, गणपतीत बिस्किटांचे मोदकही आहेत. तक्रारी मात्र त्याच. केक मध्ये बसला, चीजकेकला पाणी सुटलं, मोदक दुसऱ्या दिवशी फुटेनात.

या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच सापडतं: बिस्किटाला आपण कच्चा माल समजतो. मैदा, साखर, तेल, कोको, मीठ, सोडा हे सगळं त्यात आधीच आहे आणि ते भट्टीतून भाजूनही आलंय. मैदा शिजून गेल्यामुळे केकला धरून ठेवायची त्याची ताकद कमी झालेली असते, आणि कोरडा असल्यामुळे तो ओलावा मात्र भरपूर ओढतो. पाककृतीत ‘अर्धी वाटी साखर’ लिहिली असेल तर ती खुशाल वगळा. पुड्यामागची यादी वाचली तर साखर पहिल्या दोन-तीन नावांतच दिसेल.

केक बसतो तेव्हा

सगळ्यात जास्त बिघडतो तो हाच, म्हणून जरा सविस्तर.

बिस्किटांची पूड करून तीत एकदम दूध ओतलं की मिश्रण पातळ दिसतं. पाच मिनिटांत पूड दूध पिते आणि ते घट्ट होतं. मग पुन्हा दूध, पुन्हा घट्ट. या खटाटोपात इनो आधीच घातलेला असेल तर केक गेलाच म्हणून समजा. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं. ओलं लागताक्षणी दोन्ही भिडतात, वायू सुटतो आणि काही मिनिटांत निघून जातो. म्हणून क्रम उलटा हवा. तीनशे ग्रॅम बिस्किटांना एक वाटी दूध घाला, झाकून पाच-सात मिनिटं थांबा, मग लागेल तसं आणखी पाव वाटीपर्यंत घाला. इडलीच्या पिठाइतकं सैल झालं की पुरे. भांड्याला तूप-मैदा लावलेला, कढई तापलेली, आणि तेव्हा शेवटी एक चमचा इनो. चार-सहा वेळा हलक्या हाताने फिरवायचं आणि लगेच भांड्यात. इथे फोन वाजला तर वाजू द्या.

इनो साधा घ्या. घरात ॲसिडिटीसाठी आणलेला असतो तो पुष्कळदा लिंबाच्या चवीचा, आणि चॉकलेट केकला लिंबाचा वास कोणालाच नको असतो. दोन मोठे चमचे साधा मैदा चाळून घातला तर केकला थोडा आधार मिळतो आणि मधला खड्डा बराच कमी होतो. त्याला ‘बिस्किटांचाच केक’ म्हणायचं की नाही, हा वाद ज्याने-त्याने घालावा.

पातेल्यात किंवा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडू नका. कुकर वापरत असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून ठेवा. पण मुळात कोरडा तापवायला तो केलेलाच नसतो; जुनी कढई बरी. वाफवूनही हा केक छान होतो, फक्त झाकणाला ढोकळ्याला बांधतो तसं फडकं बांधा, नाहीतर झाकणावरचं पाणी टपटपून वरचा थर चिकट होतो. सुरी घालून पाहताना आणखी एक गंमत: गरम असताना बिस्किटातलं क्रीम वितळलेलं असतं, त्यामुळे शिजलेल्या केकमधूनही सुरी थोडी तेलकट बाहेर येते. ओलं पीठ चिकटलंय की नुसता ओशटपणा आहे, ते बोटाने चोळून बघा. आणि वीस मिनिटं थंड झाल्याशिवाय केक भांड्यातून काढू नका, तुकडे होतील.

रंग काळाकुट्ट हवा असेल तर ओरिओच घ्या. त्यातल्या कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, त्यातून तो रंग येतो. बोर्बनचा केक तपकिरीच होणार, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

सादळलेली बिस्किटं

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात अर्धा उघडा पुडा एका रात्रीत सादळतो. अशा बिस्किटांची पूड होत नाही, गोळा होतो. क्रीम खरवडून बाजूला ठेवा, बिस्किटं तव्यावर अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता आणि पूर्ण गार झाल्यावर दळा. एप्रिल-मेमध्ये अडचण वेगळी. मिक्सर तापतो, क्रीम वितळतं आणि पात्याखाली लगदा बसतो. पुडा पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि मिक्सर थांबत-थांबत फिरवा.

चीजकेकचा तळ आणि चक्का

तळासाठी क्रीमसकट दोनशे ग्रॅम बिस्किटांना पन्नास ग्रॅम लोणी पुरतं. परदेशी कृतींमध्ये साध्या बिस्किटांसाठी दिलेलं लोण्याचं माप इथे घातलं तर तळ तेलकट होतो, कारण क्रीममध्ये स्निग्धांश आहेच. क्रीम काढून टाकलंत तर मात्र लोणी वाढवायला हवं. तेल चालणार नाही, ते फ्रीजमध्ये गोठत नाही आणि कापताना तळ भुगा होऊन पडतो. वाटीच्या बुडाने दाबून बसवा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच वरचं मिश्रण ओता.

आता चक्का. क्रीम चीज महाग पडतं आणि पुण्यात कोपऱ्यावरच्या डेअरीत चक्का मिळतो, तेव्हा चक्काच वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण श्रीखंडाला चालणारा प्रत्येक चक्का इथे चालत नाही. आंबट असेल तर श्रीखंडात साखर आणि वेलची ते झाकते. इथे कोकोचा कडवटपणा आणि आंबटपणा एकत्र येऊन चव तुरट लागते. घेताना चाखून घ्या. पाडव्याच्या नाहीतर दसऱ्याच्या आदल्या दिवशी गर्दीत चाखायला कोणी देणार नाही, म्हणून ते दोन दिवस टाळलेलेच बरे.

घरी आणल्यावर फडक्यात बांधून, वर वजन ठेवून, फ्रीजमध्ये रात्रभर आणखी निथळू द्या. मग चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा. मिक्सरमध्ये फिरवू नका, चक्का पातळ होतो आणि पुन्हा घट्ट होत नाही. साखर घातली की त्याला पाणी सुटतं, हे श्रीखंड करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे, म्हणून गोडीसाठी कंडेन्स्ड मिल्क बरं.

सेट होण्यासाठी बहुतेक घरांत जिलेटिन चालत नाही, ते प्राणिजन्य असतं. अगर-अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, वनस्पतिजन्य आहे, पण त्याचा स्वभाव वेगळा. नुसत्या गरम पाण्यात ते विरघळत नाही, दोन मिनिटं खळखळ उकळावं लागतं. आणि चाळीस अंशांच्या आसपास उतरलं की ते लगेच धरतं. फ्रीजमधल्या गार चक्क्यात ओतलंत की क्षणात दोरे आणि गाठी होतात. चक्का तासभर बाहेर ठेवा, आधी त्यातला पळीभर गरम अगरमध्ये फेटून घ्या आणि मग ते सगळं उरलेल्या चक्क्यात. अर्धा किलोला पुडीतल्या पावडरचा सपाट एक चमचा पुरे, जास्त घातलं तर कापताना रबर लागतं. गाठी झाल्याच तर मिश्रण चाळून गाठी वेगळ्या करा, दोन चमचे पाण्यात पुन्हा उकळा आणि परत मिसळा. अगर दुसऱ्यांदा वितळतं.

क्रीम फुलत नाही

दुकानात सहज मिळणाऱ्या छोट्या खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ते कितीही फेटा, टोकं धरणार नाही. फेटायच्या क्रीममध्ये तो किमान तीस-पस्तीस टक्के लागतो. रविवार पेठेत केकच्या सामानाच्या दुकानांत गोठवलेलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम मिळतं. ते बहुधा आधीच गोड असतं, तेव्हा पिठीसाखर घालण्याआधी चाखा. भांडं बर्फावर ठेवून फेटा. दाणेदार दिसू लागलं तर मशीन थांबवा आणि दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम हाताने मिसळा. दुधाचं क्रीम असेल आणि त्याही पुढे जाऊन लोणी निघालं असेल तर पोळीला लावा.

बिस्किटाचे तुकडे क्रीममध्ये अगदी शेवटी, पूड चाळून टाकून. बारीक पूड गेली की सगळं राखाडी दिसतं.

चॉकलेट वितळवताना पाण्याचा थेंब पडून ते रवाळ, घट्ट झालं तर टाकू नका. गरम दूध किंवा क्रीम चमच्या-चमच्याने घालून ढवळत राहा. वडी पाडण्याजोगं चॉकलेट त्यातून परत मिळणार नाही, पण केकवर ओतायला गनाश, म्हणजे दाटसर चॉकलेट सॉस, मिळेल. पुण्यात महावितरणला दुरुस्तीची कामं गुरुवारी काढायची आवड आहे आणि मग वीज जाते, त्यामुळे फ्रीजमध्ये सेट करायचं काही असेल तर बुधवारी रात्री सुरुवात करू नका.

बिस्किटांचे मोदक

नैवेद्याला हे चालतात का, ते घरातल्या आजींना विचारा. मी त्यात पडत नाही. करण्यातली चूक एवढीच: पूड आणि कंडेन्स्ड मिल्क एकदम मिसळून लगेच साच्यात भरणं. गोळा हाताला चिकटतो म्हणून आणखी पूड घातली जाते, ती रात्रभर ओलावा ओढते आणि सकाळी मोदक कडक. चमच्या-चमच्याने दूध घालत गोळा थोडा चिकटच ठेवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा, तो आपोआप आवरतो. साच्याला तुपाचं नुसतं बोट. जास्त तूप फ्रीजमध्ये थिजून मोदकांवर पांढरे डाग पडतात. डबा फ्रीजमधून काढल्यावर अर्धा तास झाकण लावूनच ठेवा, म्हणजे दव डब्यावर धरेल, मोदकांवर नाही.