डोंगरावरच्या व्हॉल्व्हला मोटर बसवण्याआधी

प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतली डोंगरावरची टाकी. तिथे मुक्कामाला कोणी नसतं, पावसात गाडी पोचत नाही. तिच्या आउटलेटच्या स्लूस व्हॉल्व्हला (आतली पाटी खाली-वर करून पाणी तोडणारा व्हॉल्व्ह) ॲक्च्युएटर, म्हणजे दुरून हुकूम देऊन तो फिरवणारी मोटर, लावायचा असेल, तर इतकी वर्षं पाणी सोडणाऱ्या काकांना सोबत घेऊन आधी वर चढा. चावीने व्हॉल्व्ह पूर्ण मिटवा, पूर्ण उघडा आणि आटे मोजा. शेवटचे चार आटे किती जड जातात, चावी कुठे अडते, हे काकांच्या हाताला ठाऊक असतं. ते लिहून घ्या. स्पिंडल (चावीने फिरतो तो दांडा) वाकलेला असेल किंवा ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) गळत असेल तर आधी व्हॉल्व्हच दुरुस्त करा. अडकणाऱ्या व्हॉल्व्हवर मोटर टॉर्कला ट्रिप होत राहते, म्हणजे जोर जास्त लागला की आपोआप बंद पडते, आणि दर ट्रिपला कोणीतरी डोंगर चढतं.

मग मिटण्याचा वेळ ठरवा. इथे घाई नकोच. लोखंडी पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर धावते. लाइन ३ किलोमीटरची असेल तर तिला जाऊन परत यायला ६ सेकंद लागतात. सेकंदाला १ मीटरने वाहणारं पाणी त्याआधी अडवलं, तर सुमारे १०० मीटर उंच पाण्याइतका जादा दाब एका दणक्यात येतो. स्लूस व्हॉल्व्ह पाणी खरं तोडतो ते शेवटच्या काही आट्यांत, म्हणून वेळ मिनिटांत धरा.

बॅटरीचा हिशेब करताना सगळे मोटरकडे बघतात. १० अँपिअर घेणारी मोटर २ मिनिटं चालली तर अर्धा अँपिअर-तासही जात नाही. दुरून हुकूम घेणारा मोडेम आणि कंट्रोलर मिळून सतत पाव अँपिअर घेत असतील, तर दिवसाला ६ अँपिअर-तास जातात. आषाढात पाच दिवस सोलर पॅनेलवर ऊन पडलं नाही तर ३०. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, तेव्हा ६० ची घ्या.

रेंज गेली तर व्हॉल्व्हने काय करायचं, हे आधीच कागदावर हवं. तो उघडाच राहिला तर खालची वाडी टाकी रिकामी करते आणि वरची कोरडी राहते. ठरलेली वेळ संपली की जागेवरच्या टायमरने तो मिटला पाहिजे. चाचणीत अँटेना स्वतः काढून हे बघा.

चेंबरमध्ये पाणी भरतंच, म्हणून ॲक्च्युएटर आयपी ६८ चा (पाण्यात बुडाला तरी चालणारा) घ्या, केबल आत शिरते तिथली केबल ग्लँड नीट आवळा. आकाशातल्या विजेसाठी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण). मोटर बंद पडली तर हाताने फिरवायचं चाक, म्हणजे हँडव्हील, फिरवायला जागा ठेवा आणि ते कसं गुंतवायचं ते काकांना दोनदा करायला लावा.