कुंडीतला ‘ब्लॅक लेस’ एल्डर : या चुका टाळा

इंग्लंडमधल्या आमच्या घरामागे सगळी फरशीच आहे, म्हणून जांभळट-काळ्या, जाळीदार पानांचा ‘ब्लॅक लेस’ एल्डर (एल्डर या फुलझुडपाची एक जात) मी कुंडीतच लावला. दिसायला नाजूक असला तरी जमिनीत लावला तर हा तीन मीटरपर्यंत उंच होतो. हे विसरलं की चुका सुरू होतात.

सगळ्यात जास्त हळहळ लावते ती छाटणीची चूक. एका मार्चमध्ये मी सरसकट सगळ्या फांद्या वीतभर ठेवून छाटल्या. पालवी जोमदार आली, पानंही मोठी झाली. पण जूनमध्ये गुलाबी फुलांचा एक तुरा येईल तर शपथ! फुलं येतात ती गेल्या वर्षीच्या फांद्यांवर, आणि त्याच मी कापल्या होत्या. आता दरवर्षी सर्वांत जुन्या एक तृतीयांश फांद्या तेवढ्या बुंध्याशी कापते. जुनी फांदी राखाडी, भेगाळलेली असते. गेल्या वर्षीची त्यामानाने गुळगुळीत, फक्त बारीक उंचवट्यांचे ठिपके बोटाला लागतात. कापली तर आत थर्माकोलसारखा पांढरा, मऊ गाभा दिसतो. फुलं नकोच, पानांचीच शोभा हवी असेल, तर सरसकट छाटा.

दुसरी चूक, “पाऊस पडलाय, पाणी कशाला?” भरगच्च पानांवरून पाऊस कुंडीबाहेर ओघळतो आणि आतली माती कोरडीच राहते. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा. उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. कुंडी निदान 45 सेंटिमीटर रुंद आणि जड घ्या, हलकी प्लॅस्टिकची वाऱ्याने आडवी होते. हिवाळ्यात मात्र खालची ताटली काढून कुंडी विटांवर ठेवा, नाहीतर मुळं कुजतात.

पानं हिरवट पडली तर ऊन कमी पडतंय. सोनेरी पानांच्या जातींचं उलट, दुपारच्या उन्हात त्यांची पानं करपतात.

वसंतात कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. लगेच औषध फवारू नका, त्यात मावा खाणारे ढालकिडेही मरतात. पाण्याचा फवारा पुरतो. माती ओली असूनही झाड मलूल दिसलं आणि पानांच्या कडा कुरतडलेल्या असल्या, तर कुंडी उपसून मुळांत सोंडकिड्याच्या पांढऱ्या अळ्या शोधा.

घरात मुलं असतील तर आधीच बजावून ठेवा: काळी फळं बारीक जांभळांसारखी दिसतात, पण कच्ची खायची नाहीत, पोट बिघडतं. पानं आणि काड्याही विषारीच.