अ‍ॅक्रोमेगली असलेल्यांनी थायरॉइडची काळजी कशी घ्यावी

अ‍ॅक्रोमेगलीचे, म्हणजे वाढीचे संप्रेरक प्रमाणाबाहेर तयार होण्याच्या आजाराचे, निदान झाले की रुग्णाचे आणि घरच्यांचे सगळे लक्ष मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतील गाठीकडे, तिच्या शस्त्रक्रियेकडे आणि वाढीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने तयार होणाऱ्या आयजीएफ-१ च्या आकड्याकडे लागते, आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र याच आजारात गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवर दोन बाजूंनी परिणाम होत असतो. वाढीचे संप्रेरक आणि आयजीएफ-१ वर्षानुवर्षे जास्त राहिल्यामुळे थायरॉइड स्वतः आकाराने वाढते, तिच्यात गाठी होतात. दुसरीकडे, थायरॉइडला काम करण्याचा आदेश देणारे टीएसएच पिट्युटरीतच तयार होत असल्याने तिथल्या गाठीच्या दाबामुळे, शस्त्रक्रियेमुळे किंवा रेडिएशनमुळे तो आदेशच क्षीण होऊ शकतो. या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, कारण एकीची तपासणी दुसरीबद्दल काहीच सांगत नाही.

सुरुवात रक्ताच्या तपासणीपासून करावी, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहे. आपल्याकडे लॅबमध्ये ‘थायरॉइड करायचे आहे’ असे सांगितले की बहुतेक वेळा एकट्या टीएसएचची किंवा थायरॉइडची संप्रेरके टी३, टी४ आणि टीएसएच अशा ठरीव प्रोफाइलची पावती फाडली जाते. ज्यांची पिट्युटरी निरोगी आहे त्यांच्यासाठी टीएसएच हा उत्तम निकष आहे, कारण थायरॉइड मंदावली की पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि तो वाढलेला आकडा आपल्याला सावध करतो. ज्यांची पिट्युटरीच दुखावली आहे त्यांच्यात मात्र हा इशारा मिळत नाही. समजा, एखाद्या रिपोर्टवर टीएसएच १.८ आहे, म्हणजे अगदी मधोमध, आणि त्याखाली फ्री टी४ (रक्तात मोकळे असलेले टी४) ०.६ आहे, जेव्हा त्या लॅबची मर्यादा ०.८ ते १.८ आहे. टीएसएचसमोर कोणतीही खूण नसल्यामुळे घाईत पाहणारा माणूस हा रिपोर्ट नॉर्मल म्हणून बाजूला ठेवील, पण अ‍ॅक्रोमेगलीच्या रुग्णात हीच जोडी पिट्युटरीमुळे आलेल्या हायपोथायरॉइडिझमकडे, म्हणजे थायरॉइड मंदावण्याकडे, बोट दाखवते. म्हणून चिठ्ठीवर ‘फ्री टी४’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत आणि पावती हातात आली की ते तिच्यावर आहेत ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी पाहावे.

ही तपासणी निदानाच्या वेळी, शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करावी. टी४ रक्तातून सावकाश उतरते, त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे फार लवकर केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. रेडिएशन घेतलेल्यांनी तर दरवर्षी फ्री टी४ पाहावेच, कारण पिट्युटरीची हानी कित्येक वर्षांनीही प्रकट होते. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून त्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी४ खोटे जास्त दिसते.

लक्षणांवर विसंबून राहू नये, हे मी आग्रहाने सांगेन. घाम आणि धडधड अ‍ॅक्रोमेगलीतही होते आणि थायरॉइड जास्त चालली तरी होते. थकवा, जाड झालेली जीभ, घोरणे, रात्री बोटांना येणाऱ्या मुंग्या हे सारे अ‍ॅक्रोमेगलीचेही असते आणि मंद थायरॉइडचेही. ‘हे तर माझ्या आजाराचेच आहे’ असे म्हणत माणूस महिनोन्महिने सोसत राहतो. शिवाय थायरॉइड मंद असेल तर आयजीएफ-१ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते आणि अ‍ॅक्रोमेगली आटोक्यात आल्याचा भास होतो. म्हणून आयजीएफ-१ चा निकाल फ्री टी४ शेजारी ठेवूनच वाचावा.

फ्री टी४ कमी आले तर टी४ पुरवणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू होते, पण त्याआधी सकाळी ८ ते ९ च्या दरम्यानचे कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे संप्रेरक) तपासलेले असले पाहिजे. पिट्युटरीच्या नुकसानीत थायरॉइडबरोबर अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आदेशही क्षीण झालेला असू शकतो. अशा वेळी आधी थायरॉइडची गोळी दिली तर शरीरातले थोडे उरलेले कॉर्टिसॉलही झपाट्याने खर्च होते आणि उलट्या, चक्कर, रक्तदाब एकदम खाली येणे अशी जिवावर बेतणारी स्थिती उद्भवू शकते. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी त्याची जागा घेणारे हायड्रोकॉर्टिसोन आणि मगच थायरॉक्सिन, हा क्रम चुकवू नये. डॉक्टरांना ‘माझे कॉर्टिसॉल पाहिले आहे का?’ असे विचारण्यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करावा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. तपासणीच्या दिवशी रक्त आधी द्यावे, गोळी नंतर घ्यावी. डोस ठरवताना इथे टीएसएच पाहायचे नसते. फ्री टी४ लॅबच्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात राहील असा डोस सहसा ठेवतात. टीएसएच ०.०५ आले म्हणून नवख्या डॉक्टरांनी डोस कमी केला, असे घडू नये यासाठी ‘पिट्युटरीमुळे आलेला हायपोथायरॉइडिझम’ हे शब्द फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. वाढीचे संप्रेरक कमी करणारी ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची महिन्याची इंजेक्शने सुरू झाली वा बदलली, की फ्री टी४ पुन्हा पाहावे. वाढीचे संप्रेरक टी४ चे टी३ मध्ये रूपांतर वाढवते, त्यामुळे ते उतरले की हे गणितही बदलते.

आता गळ्याकडे वळू. आरशासमोर उजेडात बसून हनुवटी किंचित वर करावी, पाण्याचा घोट घ्यावा आणि गिळताना कंठमण्याच्या खाली काही फुगवटा वर सरकतो का ते पाहावे. थायरॉइडमधील गाठ गिळताना वर जाते. हाताला गाठ लागली, किंवा डॉक्टरांना ग्रंथी मोठी वाटली, तर मानेची सोनोग्राफी करावी. अ‍ॅक्रोमेगलीत एकाहून अधिक गाठी असणे सर्रास आढळते आणि त्यांतील बहुतेक साध्या असतात. थायरॉइडच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढलेला मानला जातो, पण आढळतो तो बहुधा पॅपिलरी प्रकारचा, सावकाश वाढणारा आणि चांगला बरा होणारा. सुईची तपासणी करायची की नाही हे गाठीच्या आकाराबरोबर तिच्या रूपावर ठरते. कडा वेड्यावाकड्या, आत बारीक चुन्याचे कण, रुंदीपेक्षा उंची जास्त अशी गाठ १ सेंटिमीटरची असली तरी सुई लावतात, तर निरुपद्रवी दिसणारी गाठ बरीच मोठी होईपर्यंत नुसते लक्ष ठेवतात. आवाज अ‍ॅक्रोमेगलीने घोगरा होतोच, पण काही आठवड्यांतच तो बदलला, गिळताना अडथळा येऊ लागला किंवा गाठ भरभर वाढली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

टीएसएच अगदी कमी आणि फ्री टी४ जास्त असेल, तर एखादी गाठ स्वतःच्या मनाने संप्रेरक बनवत असण्याची शक्यता असते. अशांनी आयोडीनयुक्त डाय वापरून होणाऱ्या सीटी स्कॅनआधी ही गोष्ट सांगावी, कारण त्याने थायरॉइड आणखी भडकू शकते. फ्री टी४ जास्त असूनही टीएसएच दबलेले नसेल, तर क्वचित पिट्युटरीची गाठच वाढीच्या संप्रेरकाबरोबर टीएसएचही बनवत असते, आणि मग उपचार गळ्याचा नव्हे, त्या गाठीचा करावा लागतो.

कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना अ‍ॅक्रोमेगली आणि गलगंड या दोन्ही गोष्टी स्वतःहून सांगाव्यात. मोठी जीभ, पुढे आलेला जबडा आणि त्यात श्वासनलिकेला दाबणारी ग्रंथी असेल तर भूल देताना नळी घालणे अवघड जाते, आणि ती तयारी आदल्या दिवशी करता यावी म्हणून मानेच्या सोनोग्राफीचा ताजा रिपोर्ट त्यांच्या हाती द्यावा.