कॅम्पर व्हॅनमध्ये वॉशर-ड्रायर कसा बसवायचा

पावसाळ्यात ठाण्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत हे आपल्याला नवीन नाही, पण तेच कॅम्परमध्ये झालं, म्हणजे चार माणसं, त्यातली दोन पोरं समुद्रात डुंबून आलेली आणि पावसामुळे सगळ्या खिडक्या बंद, की आत जो कुबट वास भरतो तो दिवेआगरपासून घोडबंदर रोडपर्यंत सोबत येतो. म्हणून आम्ही आमच्या ट्रॅव्हलर मिनीबसच्या कॅम्परमध्ये वॉशर-ड्रायर, म्हणजे कपडे धुऊन वाळवूनही देणारं मशीन, बसवला. त्यात जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय, कारण घरी मशीन लावणं आणि चालत्या गाडीत लावणं यात खूप फरक आहे.

आधी कागद. गाडी आरसीवर कॅम्पर म्हणून चढलेली नसेल आणि सीटा काढून हे करायचं असेल तर फॅब्रिकेटरकडे जायच्या आधी आपल्या आरटीओत विचारून या (ठाणे एमएच ०४, वाशी एमएच ४३, पनवेल एमएच ४६). मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.

मग वजन. फुल साइज फ्रंट लोड मशीन ६०-७० किलोचं असतं, कारण ड्रम स्थिर राहावा म्हणून आत काँक्रीटचे ठोकळे असतात. एका धुण्याला ४०-६० लिटर पाणी लागतं आणि लिटरला किलो धरा. म्हणजे मशीन आणि एका धुण्याचं पाणी मिळून १००-१३० किलो. तुर्भे-कळंबोलीकडे ट्रकवाल्यांचे वजनकाटे आहेत, तिथे पाण्याची टाकी फुल भरून गाडी न्या, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी काट्यावर घ्या आणि आरसीवरच्या भरलेल्या गाडीच्या वजनाशी ताडून बघा. वजनाला वाव उरत नसेल तर हट्ट करू नका, सेमी-ऑटोमॅटिक छोटं मशीन घ्या, ते निम्म्याहून हलकं असतं आणि त्याचा स्पिनर कपडे बऱ्यापैकी पिळून देतो.

मशीन निवडताना धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारं, कंडेन्सरवालं, म्हणजे कपड्यांतली वाफ आतच थंड करून तिचं पाणी करणारं घ्या. हवा बाहेर सोडणाऱ्या ड्रायरला बॉडीत ४ इंचाचं भोक पाडावं लागतं, तिथून पाऊस येतो आणि पाइपात साचलेल्या कपड्यांच्या तंतूंना आग लागायची भीती वेगळीच. फक्त एक ध्यानात ठेवा, ८ किलो धुणारं मशीन वाळवताना ५ किलोच्या आसपासच घेतं, म्हणून कपडे कमीच टाकायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ट्रान्झिट बोल्ट. फ्रंट लोडचा ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो आणि कारखान्यातून येताना मागून तीन-चार लांब बोल्ट लावून जखडलेला असतो. बसवायला येणारा माणूस ते काढतो आणि बहुतेक घरांत ते भंगारात जातात. आमचेही गेले. पहिल्याच ट्रिपला कसारा घाटात मागून धाड धाड आवाज यायला लागला, गाडी बाजूला घेऊन बघितलं तर ड्रम आतून बॉडीवर आपटत होता आणि एक स्प्रिंग निसटली होती. म्हणून बोल्ट जपून ठेवा आणि गाडी हलायच्या आधी प्रत्येक वेळी परत लावा.

पण हे बोल्ट असतात मशीनच्या पाठीला, म्हणजे जागा ठरवतानाच पाठीपर्यंत हात पोचेल असं बघायचं. आम्ही मशीन मागच्या ॲक्सलच्या जवळ, पाण्याच्या टाकीच्या समोरच्या बाजूला ठेवलं आणि त्याच्या पाठीमागच्या फळीला छोटं दार केलं, मागचा दरवाजा उघडला की बोल्ट, नळ्या, प्लग सगळं समोर. खाली १८ मिमीची मरीन प्लाय आणि लोखंडी अँगलची फ्रेम, आणि फ्रेम नुसत्या पत्र्याला नाही तर चासीच्या आडव्या बीमला नायलॉक नटने (आत नायलॉनची कडी असते, हादऱ्याने ढिले होत नाहीत) धरलेली. नुसत्या पत्र्यात स्क्रू मारून देतो म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका, जोरात ब्रेक मारला की ७० किलो पुढे येतात आणि पुढे आपली पोरं बसलेली असतात.

पाणी आत घ्यायला १२ व्होल्टचा डायफ्राम पंप पुरतो, मशीनच्या आधी एक बंद करायचा कॉक ठेवा. बाहेर काढायच्या पाण्यात मात्र लोक चुकतात. सांडपाण्याची टाकी फ्लोअरच्या खाली असते, तेव्हा नळी सरळ खाली नेली तर मशीन भरतंय तसंच रिकामं होत राहतं. नळी आधी ६०-७० सेंटिमीटर वर चढवा, मग उभ्या पीव्हीसी पाइपात सैल सोडा, खाली वास अडवायला ट्रॅप (पाणी साचून राहणारा वाकडा पाइप) आणि टाकीला हवा जायला बारीक पाइप. साबणाचं पाणी रस्त्यावर किंवा किनाऱ्यावर सोडायचं नाही, टाकी ड्रेनेज असेल तिथेच रिकामी करायची.

वीज. थंड पाण्यात धुणं बॅटरीवर आरामात होतं. हीटर लागला की २००० वॅटच्या आसपास लोड येतो आणि तेवढ्यासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १७०-१८५ अँपिअर खेचले जातात. २०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत साधारण अडीच युनिट वीज मावते, ती एकदाच कपडे वाळवण्यात संपू शकते. त्यामुळे आमचा नियम असा की धुणं बॅटरीवर, वाळवणं फक्त बाहेरून वीज मिळेल तिथे. लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, यात पैसे वाचवू नका, ओल्या हाताने मशीनला हात लावणारी माणसं आपलीच असतात. बॅटरीवर मशीन चालवणारा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच (घरच्या विजेसारखा करंट देणारा) हवा आणि बॅटरीजवळच फ्यूज.

पहिली ट्रायल उभ्या गाडीत, जॅक लावून, स्पिरिट लेव्हलने मशीन सपाट करून घ्या. स्पिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका, पूर्ण गाडी टायर-सस्पेन्शनवर उभी असते आणि १२००-१४०० ला ती अक्षरशः हलायला लागते. मग बोल्ट लावून गायमुखच्या घाटातून एक चक्कर मारा, परत आल्यावर फ्रेमचे सगळे नट पाना लावून तपासा आणि नळीच्या जोडांवरून कोरडा टिश्यू फिरवा, थेंबभर गळती असली तरी कळते.

निघताना कॉक बंद करायचा आणि मशीनच्या खालच्या फिल्टरमधून त्याच्या आतल्या पंपात राहिलेलं पाणी काढून टाकायचं, स्पिती-लडाखला जाणार असाल तर हे विसरूच नका, रात्री पाणी गोठलं की पंप फुटतो. बोल्ट लावलेले असताना मशीन चालू केलं तर तेही खराब होतं, म्हणून आम्ही बोल्ट लावले की प्लगला लाल चिंधी बांधतो आणि बोल्ट काढणाऱ्यानेच ती सोडायची, दुसऱ्या कुणी नाही.