पावसाळ्यात घोड्याचे खूर कसे बघायचे
ठाण्यात वरातीचे घोडे पावसाळाभर ओल्या जागेत उभे दिसतात आणि जीव तुटतो, म्हणून लिहितोय. रोज सकाळी खरारा करायच्या आधी चारही खूर उचलून बघा. पुढच्या पायाला बाजूने उभं राहायचं, आपलं तोंड त्याच्या शेपटीकडे, खांद्यावरून हात फिरवत हळूहळू खाली आणायचा, सवयीचा घोडा आपणच पाय देतो. हुकाने, म्हणजे खूर साफ करायच्या आकड्याने, माती टाचेकडून पुढे काढायची, तळाला मधे रबरासारखा त्रिकोणी भाग असतो तो जपून, तिथे काळपट ओल आणि कुजका वास आला की सड लागली समजा. जागा कोरडी करा, डॉक्टरला दाखवा. नाल ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून काढून खूर छाटून घ्यायचेच.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, शालिहोत्र ऋषींच्या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणायचे. युरोपातलं पहिलं पशुवैद्यक कॉलेज १७६१ ला फ्रान्समधे लियाँला निघालं, आपलं परळचं १८८६ ला.

आता खुरांबरोबर घोड्याच्या पोटदुखीचंही सांगतो, ही सगळ्यात वाईट. घोडा सारखा कुशीकडे वळून बघतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आत साठलेलं वर येऊन मोकळं होत नाही आणि पोट फुटूही शकतं. चारा लगेच काढा, तोंडाने तेलबिल अजिबात ओतू नका, फुफ्फुसात जातं. जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजा, शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते, डॉक्टरला फोन केला की आधी तोच आकडा सांगा.