रोमन अंक अणूंची संख्या सांगत नाही
गोव्याच्या खाणींतून निघणाऱ्या लोहखनिजातील हेमॅटाइटचे रासायनिक नाव आयर्न ऑक्साइड असे असून आयर्नपुढे कंसात रोमन तीन लिहितात, आणि तो तीन पाहून विद्यार्थी सूत्रात लोहाचे तीन अणू लिहून मोकळे होतात. वास्तविक तो अंक लोहाची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता, दर्शवतो. म्हणून प्रथम लोहाच्या संज्ञेखाली ३ आणि ऑक्सिजनच्या संज्ञेखाली २ या संयुजा मांडाव्यात, मग त्यांची तिरकस अदलाबदल करावी, म्हणजे लोहाचे २ व ऑक्सिजनचे ३ अणू असे सूत्र मिळते. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये अदलाबदलीनंतर २ आणि २ येतात. त्यांना २ ने भागावे, आणि उरलेला १ लिहू नये. (हायड्रोजन पेरॉक्साइडला मात्र हा भागाकार लावायचा नाही, तेथे २ आणि २ तसेच राहतात.)

परीक्षेत सर्वाधिक गुण सूत्रातील कंसापायी जातात. शिंपल्या भाजून केलेला चुना पाण्यात विरवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. त्यात हायड्रॉक्साइडचा गट (ऑक्सिजन व हायड्रोजनचा प्रत्येकी एक अणू) दोनदा येत असल्यामुळे तो कंसात घालून २ हा अंक कंसाबाहेर खाली लिहावा, कारण कंस गाळल्यास ऑक्सिजनचा एक अणू सूत्रातून नाहीसा होतो.