पावडर न वितळवता, पीळ देऊन घट्ट करायची: कॉपर-ॲल्युमिना कंपोझिट

पावडरपासून कंपोझिट (दोन वेगळे पदार्थ मिळून केलेलं एक मटेरियल) म्हटलं की बहुतेकजण आधी भट्टीकडे वळतात, पण जास्त तापवलं की बारीक ग्रेन (धातूच्या आतले स्फटिक) मोठे होतात आणि ज्या ताकदीसाठी एवढा खटाटोप केला तीच जाते. म्हणून हाय प्रेशर टॉर्शन, म्हणजे दोन ॲन्व्हिलच्या (अतिशय कडक ठोकळ्यांच्या) मधे पावडर प्रचंड दाबाखाली धरायची आणि एक ॲन्व्हिल फिरवून तिला पीळ द्यायचा, तेही रूम टेंपरेचरला.

कॉपरमधे आकारमानाने ५ टक्के ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) घेऊ, वजनात ते जेमतेम सव्वादोन टक्के भरतं, इथे गल्लत फार होते तर हिशोब आधीच करून ठेवा. १० मिमी व्यासाची, ०.८ मिमी जाडीची चकती हवी असेल तर साधारण ०.५५ ग्रॅम पावडर लागते. तोंडाला मास्क लावून कोरडीच नीट मिसळा, ॲल्युमिनाचे गुठळे राहिले तर पुढे तिथूनच तडा जातो. मग छोट्या डायमधे दाबून तिची टिकली करा, सुटी पावडर थेट टाकली तर कडेने निसटते.

आता दाब. ६ गिगापास्कल म्हणजे एवढ्याशा चकतीवर जवळपास ४८ टन लोड, त्यामुळे गार्ड लावल्याशिवाय मशीन चालू करूच नका, ॲन्व्हिल फुटला तर तुकडे जोरात उडतात. आधी पूर्ण दाब, मग मिनिटाला १ फेरा. नुसत्या दाबाने भागत नाही, कारण कॉपरच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, पीळ बसला की तो फाटतो, आतला ताजा धातू ताज्या धातूला भिडतो आणि तिथे खरा जोड बसतो, मला या पद्धतीत हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

फेरे किती? पिळामुळे चकती किती ताणली गेली ते शिअर स्ट्रेनवरून कळतं, ती म्हणजे २ × पाय × फेरे × त्रिज्या ÷ जाडी. ५ फेऱ्यांना कडेला ती १९६ च्या आसपास, मध्यापासून १ मिमीवर ३९ आणि बरोबर मध्यावर शून्य! म्हणून मधला भाग कायम मागे राहतो, ५ वर थांबू नका, १० द्या. आणि चकती घसरत असेल तर फेरे मोजून काही उपयोग नाही, ॲन्व्हिलचा पृष्ठभाग सँडब्लास्ट करून खरबरीत ठेवा.

काढताना आधी फिरवणं बंद, मग दाब हळूहळू सोडा. चकती पॉलिश करून मध्यापासून कडेपर्यंत दर अर्ध्या मिमीवर विकर्स हार्डनेस (हिऱ्याचं टोक दाबून मोजलेला कडकपणा) घ्या, मधे आकडा कमी आला तर पुढच्या सँपलला फेरे वाढवा.